आस आणि अवकाश

नियम पाळणाऱ्या माणसाला एक शंका आयुष्यात केव्हा ना केव्हा छळल्यावाचून राहत नाही: ज्या नियमाशी आपण स्वतःला बांधून घेतले तो नियम आणि आपले प्रत्यक्ष आचरण यांच्यामध्ये जे बारीकसे अंतर उरते, कितीही कसोशी केली तरी जे समूळ नाहीसे होत नाही, ते आपल्या दुर्बलतेचे चिन्ह मानावे, की नियमाच्या घडणीतच त्याला काही हक्काची जागा आहे असे समजावे? संध्येची वेळ टळते, जपाची माळ बोटांतून सरकत असता मन दोनदा बाजारात जाऊन येते, एकादशीस भगर चालावी की नाही यावरून घरात वाद होतो. आणि अशा प्रत्येक प्रसंगी कडव्या वृत्तीचा माणूस म्हणतो की फट दिसली की ती बुजवलीच पाहिजे, तर सैल वृत्तीचा म्हणतो की देव भावाचा भुकेला, फटी कसल्या मोजता. मला ही दोन्ही उत्तरे आळशीपणाची वाटतात. पहिल्यात विचाराचा आळस आहे, दुसऱ्यात आचाराचा.

या शंकेचा विचार करण्यास योग्य जागा म्हणून मी बारामतीतल्या एका मोटर रिवाइंडिंगच्या दुकानाची शिफारस केली तर वाचक ती थट्टा समजतील; पण शिफारस मनापासून आहे. नीरेचा डावा कालवा १८८५ साली या कोरडवाहू मुलखात उतरला, त्याच्यामागून ऊस आला, उसामागून विहिरींवर इंजिने आली, इंजिनांमागून विजेच्या मोटरी; आणि जिथे मोटरी तिथे जळालेल्या तारा, घासलेले बुश आणि गेलेली बेअरिंगे यांवर निर्वाह करणारा एक कसबी वर्ग ओघानेच निर्माण झाला. बारामती आणि इंदापूर या दोन्ही तालुक्यांच्या पेठांतून असे दुकान विचारीत फिरावे लागत नाही, वार्निशाचा वास आणि दारात पडलेली तांब्याच्या तारेची भेंडोळी ते दाखवून देतात. माझा भाचा अभियांत्रिकीचे शिक्षण घेतो आणि दूरनियंत्रणाने पळणाऱ्या छोट्या मोटारगाड्यांचे, मुले ज्यांना आरसी कार म्हणतात त्यांचे, त्याला व्यसन आहे. गाडीची मुठीत मावेल एवढी मोटर घेऊन तो मला अशा एका दुकानात घेऊन गेला, कारण तिचा शाफ्ट हलत होता.

मोटर ५४० या क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या जातीची होती: सुमारे ३६ मिलिमीटर व्यासाचा पत्र्याचा डबा, आत दोन वक्र चुंबके, मधोमध तार गुंडाळलेला आर्मेचर आणि दोन्ही टोकांच्या काशाच्या बुशांत फिरणारा ३.१७ मिलिमीटर जाडीचा पोलादी शाफ्ट. पाच-पाच अश्वशक्तीच्या पंपांच्या मोटरी उघडणाऱ्या मिस्त्रींनी ते खेळणे हातात घेतले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर तुच्छतेचा लवलेशही दिसला नाही. त्यांनी शाफ्ट चिमटीत धरून प्रथम आडवा हलवला, मग पुढे ओढला, मागे दाबला, कानाशी नेऊन फिरवला आणि निदान सांगितले : "हे दोन रोग आहेत. आडवा हलतोय तो बुशचा प्ले, बुश बदलायला लागतील. पुढं-मागं होतोय तो एंड प्ले, तो शिम टाकून कमी करू." भाच्याने उत्साहाने विचारले, "काका, सगळाच काढला तर?" मिस्त्री म्हणाले, "सगळा काढला तर गार असताना पळंल, आन् गरम झाली की जाम व्हईल. प्ले कमी करायचा आसतो, मारायचा नसतो."

आडवा प्ले कसा उत्पन्न होतो हे पाहण्याजोगे आहे. शाफ्टच्या टोकावरचा लहान दातेरी पिनियन मोठ्या चक्राला रेटतो तेव्हा ते चक्रही त्याला तितक्याच जोराने उलट रेटते, आणि गाडी बहुतांशी पुढेच पळत असल्यामुळे हा रेटा एकाच बाजूस पडून बुशाचे मूळचे गोल भोक त्या बाजूने झिजत झिजत लंबगोल होते. त्यात इथल्या मुरमाची धूळ शिरली की ती तेलात कालवली जाऊन कानशीचे काम करू लागते. मग शाफ्ट आपल्या आसाभोवती फिरायचे सोडून आसासकट भटकू लागतो, दाते कधी खोल तर कधी उथळ बसतात, गाडी कण्हल्यासारखा आवाज करते, आणि मजल फारच पुढे गेली तर आर्मेचर चुंबकाला घासतो. या ढिलाईपासून कोणासही काडीचा लाभ नाही; बुश नवे घालणे किंवा त्या जागी बॉल बेअरिंग बसवणे एवढाच तिच्यावर इलाज.

लांबीच्या दिशेचा प्ले निराळ्या जातीचा आहे. मोटर धावू लागली की आतला आर्मेचर बाहेरच्या डब्यापेक्षा आधी आणि अधिक तापतो, आणि ५० मिलिमीटर लांबीची पोलादी दांडी ६० अंशांनी तापली तर सुमारे ०.०३६ मिलिमीटरने वाढते. ही वाढ केसाच्या जाडीएवढीही नाही. पण तिला सामावण्यास जागा ठेवलेली नसेल तर फिरता भाग दोन्ही टोकांच्या बुशांवर आवळला जातो, आवळल्याने घर्षण वाढते, घर्षणाने उष्णता, उष्णतेने पुन्हा लांबी, आणि मिनिटाला पंधरा-पंधरा हजार फेरे घेणारे यंत्र स्वतःच्याच नेटकेपणाने गुदमरते. म्हणून एक-दोन दशांश मिलिमीटर जाडीची चकती, तीच शिम, आत घालून प्ले कमी करायचा, पण बोटाला जेमतेम जाणवेल इतका राखून ठेवायचा. ही चकती कोणत्या टोकाला घालावी यातही तारतम्य आहे. चुंबके आर्मेचरला सदैव आपल्या मध्याकडे खेचत असतात. सगळ्या चकत्या एकाच बाजूला भरून त्याला त्या मध्यावरून ढकलले तर तो जन्मभर एकाच भिंतीला टेकून फिरतो आणि ती भिंत खात राहतो. मिस्त्रींनी पत्र्याचे मुडपलेले कान वर करून डबा उघडला, एक चकती कम्युटेटरच्या अंगाला घातली, डबा मिटवून शाफ्ट ओढून पाहिला, तोंड वाकडे केले, पुन्हा उघडून तीच चकती दुसऱ्या टोकाला घातली. नंतर पिनियन मोठ्या चक्राशी जुळवताना त्यांनी वहीचा एक कपटा फाडून दोहोंच्या दातांमध्ये धरला, स्क्रू आवळले, चक्र फिरवून कपटा काढून घेतला. त्याच्या जाडीइतकी जागा मागे राहिली. फटसुद्धा काटेकोर असू शकते, हे तिथे उघड्या डोळ्यांनी दिसते.

धर्मविचारात आपला घोटाळा होतो तो नेमका या ठिकाणी, की ढिलाई म्हटली म्हणजे आपण तिचे परिमाण मोजतो आणि तिची दिशा विचारीत नाही. हेतूला आडवी जाणारी हालचाल, म्हणजे सत्यात थोडी सवलत, हिशेबात थोडी सूट, दुसऱ्याच्या हिश्श्यात थोडा हात, ही बुशाची झीज होय. ती अल्प आहे या सबबीवर क्षम्य ठरत नाही, कारण वाढणे हाच तिचा धर्म आहे. हेतूच्या रेषेवरच पुढे-मागे होणारी हालचाल, म्हणजे आजारपणात व्रताचे रूप बदलणे, प्रवासात पूजेचा संक्षेप होणे, सुतकात नेम तहकूब राहणे, ही मात्र ताप सोसण्याची तजवीज आहे. माणूसही तापतो. संसाराने, दैन्याने, आप्तांच्या मृत्यूने त्याचे अंतरंग असे काही फुगते की शांत दिवसांत बेतलेला नियम त्याला बसेनासा होतो. आणि ज्या साधकाने त्या दिवसांसाठी जागाच ठेवली नाही तो एक तर नियम मोडतो, नाही तर स्वतः मोडतो. अशी मोडलेली कडवी माणसे आपण सर्वांनीच पाहिली आहेत.

पण अवकाश म्हणजे केवळ सवलत, एवढ्यावर थांबणे यंत्रशास्त्राला मान्य नाही. १८८३ साली लंडनच्या यंत्र अभियंत्यांच्या संस्थेसाठी बीचम टॉवर नावाचा अभियंता आगगाडीच्या आसाच्या बेअरिंगांवर प्रयोग करीत होता. वरून तेल सोडावे म्हणून त्याने बेअरिंगच्या माथ्याला भोक पाडले, तर तेल आत जाण्याऐवजी त्या भोकातून उसळून बाहेर येऊ लागले. त्याने बूच मारले, बूच उडाले. लाकडाची खुंटी ठोकली, तीही हळूहळू बाहेर ढकलली गेली. शेवटी दाबमापक बसवला तेव्हा काटा सरासरी भाराच्या कितीतरी पुढे गेला. पुढे १८८६ मध्ये ऑस्बर्न रेनॉल्ड्सने या चमत्काराची गणिती उपपत्ती दिली: फिरणारा आस बेअरिंगच्या ऐन मध्यावर राहत नाही, किंचित एका अंगाला सरकतो, त्यामुळे त्याच्याभोवतीची फट पाचरीसारखी एका बाजूने निमुळती होते, आस आपल्या गतीने तेलाला त्या निमुळत्या जागेत ओढून नेतो आणि तिथे दाटलेले तेल सगळा भार उचलून धरते. धातू धातूला टेकलेलाच नसतो. आणि गती थांबली की हा आधारही जातो. आस खाली बसतो, आणि झीज होते ती मुख्यतः सुरू होताना व थांबताना. लहान मोटरीच्या बुशात हे पूर्णांशाने घडते असे म्हणवत नाही, परंतु तत्त्व तेच. बारामतीकराने त्यासाठी लंडनपर्यंत जाण्याचेही कारण नाही. माळेगावच्या, सोमेश्वरनगरच्या किंवा भवानीनगरच्या साखर कारखान्यात उसाचा रस काढणाऱ्या गिरणीचा वरचा रोल जागच्या जागी जखडलेला नसतो, त्याच्यावर हायड्रॉलिक दाब ठेवून त्याला उचलले जाण्याची मोकळीक दिलेली असते, आणि उसाचा थर जाड आला की तो वर होतो, पातळ आला की खाली बसतो.

आपल्या तत्त्वचिंतकांनी रथाचा दृष्टांत भरपूर वापरला. आसाकडे मात्र त्यांचे लक्ष बेताचेच गेले. कठोपनिषदात आत्मा रथी, शरीर रथ, बुद्धी सारथी, मन लगाम, इंद्रिये घोडे आणि विषय हे मार्ग अशी सविस्तर वाटणी आहे. तीत आसाला हिस्सा नाही. मिलिंदपञ्हात नागसेन राजाला एकेक अवयव विचारतो, त्यात आसही येतो आणि चाकेही येतात, आणि प्रत्येकाविषयी नकार मिळाल्यावर रथ हे व्यवहारापुरते नाव उरते. त्या यादीत मला एक नोंद कमी वाटते. आस आणि चाकाचा तुंबा यांच्यामधल्या फटीविषयी भिक्षूने काही विचारले नाही, आणि ती नसती तर ज्या रथातून आपण आलो असे राजा सांगतो तो रथ जागचा हललाच नसता. अभाव हा स्वतंत्र पदार्थ मानावा की नाही यावर आपल्याकडे शतकानुशतके वाद झाला. शिवादित्याच्या सप्तपदार्थीत तो सातवा पदार्थ म्हणून दाखल झाला, प्राभाकर मीमांसकांनी तो शेवटपर्यंत नामंजूर केला. मिस्त्रींची ती कपट्याएवढी फट नैयायिकांच्या हाती लागती तर त्यांनी ती आनंदाने आपल्या पुराव्यात दाखल करून घेतली असती.

स्मृतिकार या बाबतीत तत्त्वज्ञांपेक्षा अधिक जमिनीवरचे. म. म. पां. वा. काणे यांनी १९३० ते १९६२ एवढ्या दीर्घ काळात प्रसिद्ध केलेला धर्मशास्त्राचा इतिहास चाळला तर दिसते की मुख्य कल्प आणि अनुकल्प अशी दुपदरी रचना या शास्त्रात ठायी ठायी आहे. मूळ विधी जमत नसेल तर दुय्यम विधी काय, याची तरतूद आधीच केलेली. आपद्धर्म तर शांतिपर्वाचे एक स्वतंत्र प्रकरणच आहे, आणि त्यात विश्वामित्रासारखा ऋषी दुष्काळात चांडाळाच्या घरचे कुत्र्याचे मांस उचलतो. पण हीच मंडळी दुसऱ्या श्वासात बजावतात की मुख्य कल्प झेपत असताना जो अनुकल्पाने वागतो त्याला फळ नाही. म्हणजे मुभा आहे, तिचे माप आहे, आणि मापाबाहेर गेलेल्या मुभेला मुभा म्हणण्यास शास्त्र तयार नाही. पंचांगात तर या लोकांनी उघड उघड शिमच घातली आहे: चांद्र वर्षाचे ३५४ दिवस आणि सौर वर्षाचे ३६५ यांतली तफावत साचत साचत सुमारे साडेबत्तीस महिन्यांनी महिन्याएवढी झाली की तिथे एक अधिक मास सरकवून द्यायचा, त्यात लग्न-मुंज करायची नाही, जावयाला मात्र अनारसे वाढायचे.

बारामतीत बसून हा विषय काढावा आणि मोरोपंतांचे नाव घेऊ नये हे शोभणार नाही. बाबूजी नाईकांच्या आश्रयाने या गावी आयुष्य घालवलेल्या या कवीने (१७२९–१७९४) आर्येत महाभारत रचले आणि पृथ्वी वृत्तात केकावली. आर्या हे मात्रावृत्त; तिथे एका गुरूच्या जागी दोन लघू चालतात, मात्रांची एकंदर बेरीज ढळली नाही म्हणजे झाले. पृथ्वीच्या सतरा अक्षरांना ही मुभा नाही, प्रत्येकाचे लघुगुरुत्व ठरलेले. तरीदेखील छंदःशास्त्राने चरणाच्या अखेरच्या अक्षरापुरती सूट ठेवली, की ते लघू असले तरी प्रसंगी गुरू धरावे. मधल्या कोणत्याही अक्षरात न देता ही सूट टोकाला ठेवणाऱ्या शास्त्रकारांना आमच्या मिस्त्रींनी आपल्या जातीचे कारागीर म्हणून ओळखले असते.

मात्र या साऱ्याचा धर्माच्या दृष्टीने सर्वांत खोल विचार मला सापडतो तो इंदापूर तालुक्याच्या टोकाला, जिथे नीरा भीमेला मिळते त्या नरसिंहपुरास. अनेक देशस्थ घराण्यांचे हे कुलदैवत. प्रल्हादाने वाळूची मूर्ती करून इथे पूजा केली असे स्थानमाहात्म्य सांगते. नरसिंहाची कथा कीर्तनात आपण ऐकतो ती बहुधा देवाच्या चातुर्याची आणि दैत्याच्या फजितीची म्हणून ऐकतो, आणि तिच्यातले गांभीर्य निसटते. हिरण्यकशिपू हा काही सैल माणूस नव्हता. त्याच्याइतकी कडक तपश्चर्या पुराणांत थोड्यांनीच केली असेल. नियमपालनात त्याने तिळमात्र कसर ठेवली नाही. आणि त्या तपाचे फळ म्हणून त्याने जो वर मागितला त्याचा मसुदा कचेरीतल्या एखाद्या दस्तासारखा कलमवार आहे: माणसाकडून नाही, पशूकडून नाही, दिवसा नाही, रात्री नाही, घरात नाही, घराबाहेर नाही, भूमीवर नाही, आकाशात नाही, शस्त्राने नाही. मृत्यूला शिरण्यास सुईच्या अग्राएवढीही जागा राहू नये हा त्याचा खटाटोप. तो शून्य प्ले मागत होता.

आता पाहा की अवकाश आला कुठून. ब्रह्मदेवाने तो लबाडीने ठेवला नाही, दैत्याच्या गाफीलपणानेही राहिला नाही. तो कलमांनीच निर्माण केला. दिवस आणि रात्र अशी दोन कलमे घातली रे घातली की त्यांच्यामध्ये संध्याकाळ उभी राहते. आत आणि बाहेर म्हटले की उंबरठा उत्पन्न होतो. जमीन आणि आकाश यांची हद्द आखली की त्या हद्दीवर एका मांडीपुरती जागा तयार होते. दोन पृष्ठे एकमेकांना भिडवली की त्यांच्यामधली रेषा कोणत्याच पृष्ठाच्या मालकीची राहत नाही, आणि कलमे वाढवावीत तशा या बेवारस रेषा वाढतच जातात. हिरण्यकशिपूने जितका कडेकोट बंदोबस्त केला तितकी देवाला यायला दारे झाली. त्याहून महत्त्वाचे म्हणजे नरसिंहाने एकही कलम मोडले नाही. ब्रह्मदेवाचा शब्द अक्षरशः पाळला गेला. ईश्वरी कृपा म्हणजे नियमाचा भंग, सृष्टीच्या कायद्याला दिलेली तात्पुरती स्थगिती, अशी जी समजूत भाविक आणि नास्तिक दोघेही बाळगतात, पहिला तिच्यावर विश्वास ठेवण्यासाठी आणि दुसरा तिची टिंगल करण्यासाठी, तिला या कथेत आधार नाही. इथे कृपा नियमाच्या आतून, नियमाने स्वतःच मोकळ्या सोडलेल्या जागेतून प्रकटते. आणि ज्याला ती जागा सहन होत नाही त्याच्या कडकपणाच्या मुळाशी बहुतेक वेळा भक्ती नसते, भय असते. हिरण्यकशिपूच्या मुळाशी तरी तेच होते. त्याच्या मुलाने कसलाही वर मागून ठेवलेला नव्हता.

येथे केवलाद्वैती आक्षेप घेईल, आणि तो उडवून लावण्याजोगा नाही. तो म्हणेल: आस आणि तुंबा, जीव आणि शिव, हे द्वैतच मायिक, अवकाशाचे कौतुक म्हणजे भ्रमाचे कौतुक, परमार्थात दोन पृष्ठेच नाहीत, मग फट कसली? मी एवढेच म्हणेन की तसे असेल तर तिथे भारही नाही आणि फिरणेही नाही, आणि महाराष्ट्रातल्या ज्या संतांनी अद्वैत अंगी मुरवले त्यांनी या फिरण्यावर पाणी सोडलेले दिसत नाही. ज्ञानदेवांनी अनुभवामृतात ऐक्याचा इतका सूक्ष्म विचार करूनही भक्तीला रजा दिली नाही; तुकोबांनी तर मुक्तीपेक्षा संतांची संगत आणि तिच्यासाठी पुन्हा जन्म पत्करला. देव आणि भक्त यांच्यामध्ये त्यांनी जाणूनबुजून एक अंतर राखले, फार नव्हे, नाम मावेल एवढे. त्याच अंतरातून तुकोबांची पालखी दर आषाढीला देहूहून निघते, बारामतीवरून सणसर, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी करीत नीरा ओलांडते, वाटेत बेलवाडीला आणि इंदापुराला रिंगण धरते. चालणे थांबणे हेच तर अंतिम साध्य, असे अद्वैती यावरही म्हणेल, आणि त्या मुक्कामाविषयी माझा त्याच्याशी तंटा नाही. पण ज्याला इंदापुराहून निघून दिवस मावळेपर्यंत सराटी गाठायची आहे, त्याच्या रथाच्या आसाला वंगण आणि वंगणापुरती जागा द्यावीच लागेल.